काही न करणाऱ्याचा हक्क

मंगळवार, ३ फेब्रुवारी

छापखान्याने पालिकेच्या डायऱ्यांवर बोधचिन्ह उलटं छापलं. त्या वाटता येईनात आणि फेकवेनात, म्हणून प्रत्येकाने घरी दोन-दोन न्याव्यात अशी आज्ञा झाली. एक मी डगमगणाऱ्या टेबलाखाली सारली. दुसरीत लिहितेय. कचेरीत दिवसभर लोकांच्या वतीने लिहायचं, तर घरी थोडं आपल्या वतीने लिहावं.

आज पालिकेच्या अध्यक्षबाईंनी बोलावलं. मार्चच्या सभेत ‘महिन्याच्या’चा निकाल लागणार. कागदोपत्री त्याचं नाव ‘सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न’, पण तेवढं म्हणेपर्यंत महिना संपतो म्हणून सगळे ‘महिन्याचं’ म्हणतात. आमच्या नदीपलीकडच्या विभागात प्रत्येक सज्ञान माणसाच्या खात्यात दरमहा ठरलेली रक्कम येते. श्रीमंत असो, गरीब असो, अट नाही, विचारणा नाही. प्रयोग म्हणून सुरू केलं होतं, त्याची मुदत संपत आली. आता चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते सभा ठरवणार.

“आपली बाजू तुम्ही लिहायची आणि तुम्हीच वाचायची,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “माझा घसा बसलाय, आणि माझ्यावर कोणाचा विश्वासही नाही.”

आमच्या माहिती कक्षाची एक रीत आहे. महिन्याचं मिळालेल्या माणसाची गोष्ट लिहायची आणि शेवटी ‘मग?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचंच. शिंपीणबाईंना पैसे मिळाले. मग? त्यांनी दुसरं यंत्र घेतलं. माळीबुवांना मिळाले. मग? रोपवाटिका काढली. ‘मग’ नसलेली गोष्ट साहेब परत पाठवतात. अशा गोष्टी लिहून लिहून माझी बोटं झिजली. आता ‘मग’ हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो.

घरी आले तर चार वाजता धाकटा भाऊ घोरत होता. दोरीवर आईच्या चादरी वाळत होत्या. सकाळी येणारी मदतनीस बाई मोठी टापटिपीची आहे. तिला सांभाळून ठेवलं पाहिजे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई आईला बघून गेल्या. आई अंथरुणाला खिळून दुसरं वर्ष चालू आहे, उजवी बाजू पूर्ण गेलेली, बोलणं चार शब्दांवर आलेलं. त्यांनी पाठ, कंबर, टाचा, सगळं तपासलं. म्हणाल्या, “कमाल आहे. एक डाग नाही. इतके दिवस पडून असलेल्या माणसाची अशी पाठ मी पाहिली नाही.”

मी म्हटलं, आमच्या घराण्याची कातडीच चिवट.

धाकटा दारात उभा राहून जांभया देत होता. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघून हसल्या आणि “तुम्ही झोपा आता,” म्हणाल्या. डॉक्टरांनाही त्याची ख्याती कळली म्हणायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आकडेवाल्यांशी वाद. हे आमचे पाहणी अधिकारी. विभागातल्या कोणाला किती खोकला झाला इथपर्यंत त्यांच्याकडे आकडा असतो. माणूस सज्जन, पण चहासुद्धा सरासरी काढून पितो.

त्यांचं म्हणणं, सभेत फक्त आकडे मांडा. दवाखान्यातली गर्दी घटली, पोरांची शाळेतली हजेरी वाढली, लोकांनी कामं सोडली नाहीत. मी म्हटलं, “आणि उद्या हेच आकडे फिरले तर? हजेरी घसरली तर माणसाचा जगायचा हक्क संपला का? अहो, माणूस आहे म्हणून द्यायचं. त्याने त्याचं काय केलं हा प्रश्नच गैर आहे. हे नीतीच्याच भाषेत बोललं पाहिजे.”

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, “बाई, तुमचं खरंय. पण नीतीच्या भाषेत बोललात की समोरचाही त्याच भाषेत उत्तर देणार. आणि त्याच्याकडची नीती तुमच्यापेक्षा जुनी आहे. राबेल तो खाईल. ती शिकवावी लागत नाही, प्रत्येकाला आईच्या दुधाबरोबर मिळालेली आहे. आकड्यांनी निदान कोणाचा अपमान होत नाही. झाकली मूठ राहू द्या.”

मी म्हटलं, झाकली मूठ ज्याची रिकामी असते त्याने ठेवावी.

मला हे वाक्य फार आवडलं. घरी येईपर्यंत मनात घोळवत होते. घरी कोणाला सांगणार? आई झोपलेली, धाकटा झोपलेला.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

गोष्ट आणायला एका निवृत्त बसचालकांकडे गेले होते. जिन्याला कठडा नाही, दाराला बेल नाही, पण माणूस तोंडभर हसला. महिन्याच्या पैशाचं काय केलं विचारलं तर हसू मावळलं.

“लिहा, नातीच्या शिक्षणाला लावले.”

“लावले का?”

“नाही. पण लिहा.”

पुष्कळ आढेवेढे घेऊन त्यांनी सांगितलं की दात बसवले. वर्षानुवर्षं तोंडावर हात ठेवून बोलत होते, लग्नाकार्यात जेवायला बसत नव्हते. आता बसतात. पण दात हा काही सांगण्यासारखा खर्च नव्हे असं त्यांना वाटतं. “म्हाताऱ्याला दात कशाला, असं म्हणतील लोक. नातीचंच लिहा बाई, तेवढं करा माझ्यासाठी.”

परत येताना मला रडू येत होतं. रागानेही आणि दमल्यामुळेही. माणसाला नीट चावून खायची लाज का वाटावी? ती आम्हीच शिकवली. आमच्या त्या ‘मग’ने शिकवली. सभेत मी असं काहीतरी बोलणार आहे की ही रीतच मोडेल.

नातीचं लिहिलं. साहेबांना आवडलं.

रविवार, १ मार्च

सुट्टी असूनही डोकं जड. झोपेची गोळी घेऊनही रात्री धाकट्याची पावलं कानात येतातच. इकडून तिकडे, न्हाणीघरापर्यंत, परत. मी कानात कापूस घालते. निशाचर झालाय नुसता. पुठ्ठ्याच्या कारखान्यात होता तेव्हा असा नव्हता. कारखाना बंद पडला, मग दोन-तीन ठिकाणी लागला आणि सुटला. आई पडली त्या सुमारास त्याने शोधणंच सोडलं. महिन्याचं मिळतंय, काम ना धाम.

दुपारी आम्ही दोघं चहाला बसलो. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “तू रे, काय करतोस त्या पैशाचं?”

“तुझ्याकडे मागत नाही. हेच करतो.”

“मी कधी नाही म्हटलं होतं का?”

“नाही, नाही कधीच म्हणाली नाहीस. पर्स उघडायला वेळ लावायचीस तेवढा. दाढीचं पातं मागितलं तरी आधी चष्मा शोधायचीस, मग पर्स, मग पर्सचा आतला कप्पा. मी तोवर उभा.” तो हसत होता. “आता दाढी वाढली की जाऊन पातं आणतो. बादशहासारखं वाटतं, ताई. हे बंद झालं तर परत तुझ्यासमोर उभं राहायचं, एवढीच भीती आहे बघ. बाकी मला काही लागत नाही.”

चष्म्याशिवाय मला पर्समधलं दिसत नाही, यात माझा काय दोष? तरी त्याचं बोलणं मनात राहिलं. त्याच्यासाठी तरी सभा जिंकली पाहिजे.

आणि मग एकदम सुचलं. सगळे लायक माणसांच्या गोष्टी सांगतात. मी नालायकाची सांगितली तर? ज्याच्या गोष्टीला ‘मग’ नाही अशा माणसाची?

शुक्रवार, ६ मार्च

लिहून झालं. इतकं चांगलं मी बऱ्याच वर्षांत लिहिलं नव्हतं. नाव कुठेही नाही. अध्यक्षबाईंनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाल्या, “धाडसाचं आहे. घरच्यांना दाखवलंत?”

मी म्हटलं, घरचे झोपलेले असतात. त्या हसल्या नाहीत.

दाखवायला हवं होतं का? पण दाखवलं असतं तर तो ‘लिही की’ म्हणाला असता. मला माहीत आहे त्याचा स्वभाव.

बुधवार, ११ मार्च

सभागृह खच्चून भरलेलं, पंखे बंद. आधी आकडेवाले बोलले. लोक खोकत होते. मग मी उभी राहिले.

मी म्हटलं, “आतापर्यंत तुम्ही शिलाईयंत्र घेतलेल्यांच्या गोष्टी ऐकल्या. मी एका काही न केलेल्या माणसाची सांगते. धडधाकट आहे. बहिणीच्या घरी राहतो. दुपारी झोपतो, रात्री घरभर फिरतो. तीन वर्षं त्याला महिन्याचं मिळतंय आणि त्याने त्याचं काहीही केलेलं नाही. यंत्र घेतलं नाही, शिकला नाही, कमावलं नाही. त्याचा कोणाला उपयोग नाही. आणि तरीही मी म्हणते की त्याला ते मिळालंच पाहिजे. कारण जगायला लायकी सिद्ध करावी लागत असेल तर आपण त्याला जगणं म्हणू नये, नोकरी म्हणावं. त्याच्यासाठी मागताना माझा आवाज कापत नाही, तर शिंपीणबाईंसाठी तुम्हाला कसला विचार करावा लागतोय?”

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतले काही जण उभे राहिले. मला क्षणभर पंधरा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

मग पत्र्यावाले उठले. बाजारपेठेत त्यांचं छपराच्या पत्र्याचं दुकान आहे आणि विरोधी बाजूचे ते पुढारी. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात बोलले.

“बाईंचे आभार. इतकं प्रामाणिक या सभेत कोणी बोलत नाही. माझी आई दुसऱ्यांची भांडी घासायची. हाताला चिरा पडायच्या, मीठ लागलं की कळवळायची. तिने कधी फुकट घेतलं नाही, कारण तिला वाटायचं की फुकट घेतलं तर मान खाली जाईल. ‘दे रे हरी पलंगावरी’ असं आपण गमतीत म्हणतो. आता ते ठरावात लिहायचं? शिंपीणबाईंना द्या, माळीबुवांना द्या, म्हाताऱ्यांना आजाऱ्यांना द्या, मी पहिला हात वर करतो. पण सख्खी बहीण ज्याला निरुपयोगी म्हणते, त्याला माझ्या आईच्या घामातून द्यायचं, याला मी नीती म्हणत नाही.”

नाव मी घेतलं नव्हतं, पण कोणाचा भाऊ ते सगळ्यांना कळलं होतं. त्यांची आई डोळ्यांसमोरून हलेना.

ठराव मंजूर झाला. दुरुस्तीसह. योजना चालू राहील, मात्र जो धडधाकट सज्ञान कामही करत नाही, शिकतही नाही आणि घरात कोणाची शुश्रूषाही करत नाही, त्याला वगळावं. पडताळणी घरोघर होईल.

अध्यक्षबाईंनी माझा हात दाबला. “योजना वाचली हो. शिंपीणबाईंचं वाचलं, सगळ्यांचं वाचलं.”

सगळ्यांचं.

आकडेवाल्यांनी मला चहा आणून दिला. टोमणा मारला असता तर मी भांडले असते. म्हणाले, “बाई, तुम्ही नीतीने बोललात पण उदाहरण माझ्याच पद्धतीचं दिलंत. तोही आकडाच होता, फक्त शून्य होता.” मला तेव्हा ते लागलं नाही. आता लिहिताना लागतंय, नक्की कुठे ते कळत नाही.

गुरुवार, १२ मार्च

कचेरीत तिघांनी अभिनंदन केलं. घरी काही बोलले नाही.

शनिवार, १४ मार्च

नाव नसलं म्हणून काय झालं, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने धाकट्याला “या, निरुपयोगी, बसा” म्हणून खुर्ची दिली. गंमत म्हणूनच दिली असणार. हा दाढी करून घरी आला आणि आईच्या पलंगाशी बसला.

“ताई, ते भाषण वाचून दाखव ना.”

“कशाला आता?”

“सगळ्यांनी ऐकलं. आम्ही दोघंच राहिलो.”

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी वाचलं. शेवटचं वाचताना माझा आवाज खरंच कापला. आई छताकडे बघत होती, तिला किती कळतं कोण जाणे. तो मान हलवत ऐकत होता, परीक्षेला बसवल्यासारखा.

“चांगलं लिहितेस तू,” तो म्हणाला. “पूर्वीपासूनच. दुपारी झोपतो, खरंय. रात्री फिरतो, तेही खरं. खोटं एकही नाही त्यात.”

“मी तुझ्या बाजूने बोलत होते रे.”

“हो, कळलं की. म्हणून तर काही बोलता येत नाही.” तो उठला आणि आईची उशी सारखी केली. “विरुद्ध बोलली असतीस तर भांडलो असतो.”

मी माफी मागितली. “सोड गं,” म्हणाला. पण त्याने आज माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

सोमवार, २३ मार्च

शुक्रवारी पडताळणीवाली येणार. मी आठवडाभर विचार करून एक युक्ती काढली. ठरावातच पळवाट आहे: घरात कोणाची शुश्रूषा करणारा वगळला जात नाही. मग धाकट्याने आईचं करतो असं सांगायचं. खोटं, पण भल्यासाठी. जन्मभर सरकारी सत्य लिहिलं, एक खोटं घरासाठी.

म्हणून आज मुद्दाम उशिरा निघाले आणि मदतनीस बाईला गाठलं. म्हटलं, “शुक्रवारी कोणी विचारलं तर सांगा, आमचा भाऊ आईचं सगळं करतो म्हणून. तेवढं खोटं बोलाल ना?”

बाई टॉवेल पिळत होती.

“खोटं काय त्यात, ताई? दादाच करतात की.”

“म्हणजे?”

“अहो, मी सकाळी तासभर येते. अंघोळ घालते, वेणी घालते, जाते. रात्री दोन-दोन तासांनी कूस दादा बदलतात. ओलं झालं तर चादर बदलतात, धुऊन दोरीवर घालतात. मी येते तेव्हा पाणी गरम असतं. एवढं वजन उचलायचं म्हणजे बाईमाणसाचं कामच नाही. डॉक्टरीणबाई नाही का म्हणाल्या त्यांना, झोपा आता म्हणून?” मग म्हणाली, “तुम्हाला माहीत नव्हतं?”

मी माहीत होतं म्हणाले. बसने कचेरीत गेले. दिवसभर काय केलं ते आठवत नाही.

चिवट कातडी म्हणे.

मंगळवार, २४ मार्च

मी त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस?

“काय सांगायचं? रात्री आईला वळवतो असं जेवताना सांगायचं?” मग म्हणाला, “मला वाटलं तुला ऐकू येतं. भिंतीपलीकडेच तर असतेस.”

मी रडले. त्याने रडू दिलं. मग मी म्हटलं, “शुक्रवारी हेच सांग. जे करतोस तेच. बास, तुझं महिन्याचं राहील.”

“नाही सांगणार.”

“अरे, खरं आहे ते!”

“खरं आहे म्हणूनच. आईला या कुशीवरून त्या कुशीवर करतो, ते काम म्हणून नोंदवू? मग ती बाई विचारणार, किती वेळा, किती वाजता, कोणी पाहिलं. आणि पुढच्या महिन्यापासून आईला हात लावताना मला वाटणार, हे पैशासाठी चाललंय. नको ताई. तूच म्हणालीस ना, लायकी सिद्ध करावी लागली तर त्याला नोकरी म्हणावं?”

“ते सभेत म्हटलं होतं.”

“बघ ना. मला पटलं.”

त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती. मी पदर पसरला, आवाज चढवला, आईची शपथ घातली. मला माझाच राग येत होता, कारण मी हुबेहूब पत्र्यावाल्यांसारखी बोलत होते: दाखव काहीतरी, सिद्ध कर, नाहीतर कसं द्यायचं?

शुक्रवार, २७ मार्च

पडताळणीवाली आली. कोवळी मुलगी, गळ्यात ओळखपत्र, चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या. धाकट्याला विचारलं, “काम?” “नाही.” “शिक्षण?” “नाही.” “घरी कोणाची शुश्रूषा करता?”

तो म्हणाला, “आई आहे माझी.”

“हो, पण करता का काही त्यांचं?”

“मुलगा करतो तेवढंच.”

मी मध्ये पडले. सगळं सांगितलं, कूस, चादरी, पाणी. मुलगी गोंधळली. “मॅडम, माझ्याकडे सभेचा वृत्तांत आहे. त्यात तुम्हीच…” पुढचं ती बोलली नाही, शहाणी आहे. “आता वेगळं सांगायचं तर त्यांनी स्वतः सांगावं लागेल. तसा नियमच आहे.”

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तो खिडकीचा पडदा ओढत होता, आईच्या तोंडावर ऊन येत होतं.

“चहा घेणार का तुम्ही?” त्याने तिला विचारलं.

तिने नाही म्हटलं, आणि काय नोंदवायचं ते नोंदवून गेली.

सोमवार, ६ एप्रिल

महिन्याचं आलं. मला, आईला. त्याला नाही.

काल त्याच्याकडे दाढीचं पातं नव्हतं. मी आधीच पैसे त्याच्या उशाशी ठेवले होते, पर्स, चष्मा काहीही न करता. संध्याकाळी ते माझ्या टेबलावर होते. दाढी वाढलेलीच.

आज मावळतीला म्हणाला, नोकरी लागली. शीतगृहावर पहारेकरी, रात्रपाळी. दिवसाची जागा नव्हती. “नाहीतरी रात्री जागायची सवय आहेच. अनुभव विचारला त्यांनी, मी सांगितला नाही.” स्वतःच्याच विनोदावर हसला. मग मला आईच्या खोलीत नेलं आणि शिकवलं: एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, ओढायचं नाही, आपल्याकडे घ्यायचं. गुडघ्यांमध्ये उशी. टाच टेकू द्यायची नाही. मला जमेना. तो चिडला नाही.

झोपेची गोळी आता बंद करावी लागणार.

शनिवार, १८ एप्रिल

कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल. तो आता कामाला असल्यामुळे पुढच्या महिन्यापासून त्याला महिन्याचंही परत सुरू होणार. पगारही आणि तेही. पडताळणीवाली रस्त्यात भेटली, तिने आनंदाने सांगितलं. साहेब म्हणतात, यावर गोष्ट लिहा. मिळत होते, बंद झाले. मग? मग माणूस कामाला लागला. पत्र्यावाल्यांनी सभेत हाच दाखला दिला म्हणे. आकडेवाल्यांच्या तक्त्यातही तो आता चांगल्या बाजूच्या रकान्यात गेला.

मी नाही म्हटलं. साहेब म्हणाले, मग दुसरं कोणीतरी लिहील.

आकडेवाल्यांना मी विचारलं, माझं चुकलं कुठे? नीतीची भाषाच चुकीची होती का? ते म्हणाले, मला नीतीतलं कळत नाही. माझं मला वाटतं, भाषा बरोबर होती. मी माणूस न बघता बोलले. पण बघितला असता तर त्याचं कामच सभेत सांगितलं असतं, आणि मग तीही एक ‘मग’वाली गोष्टच झाली असती. या दोन्हींच्या मध्ये बोलायला कुठे जागा होती ते मला अजून सापडलेलं नाही. आणि मी फार दमलेय.

आईच्या कमरेवर लाल चट्टा आलाय. डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून पाहिलं. दोन तासांनी मी उठते, पण कधी उठते आणि कधी उठल्याचं स्वप्न पडतं. दिवसा कचेरीत डुलक्या लागतात. मदतनीस बाई चादरींवरून कुरकुरते.

आज संध्याकाळी तो डबा आणि बॅटरी घेऊन निघाला. मी आईला वळवायला घेतलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली. तिने डोळे उघडले, माझ्या हातांकडे पाहिलं, मग दाराकडे. बऱ्याच दिवसांनी तिने तोंड उघडलं.

“तो?”

“कामावर गेला, आई. नोकरी लागली त्याला.”

तिला समजायला वेळ लागला. मग अर्धा चेहरा हसला, उरलेला अर्धा हलत नाही.

“बरं झालं,” ती म्हणाली. “लागला… एकदाचा… मार्गाला.”

मी तिला माझ्याकडे घेतलं आणि गुडघ्यांमध्ये उशी ठेवली.